कालवड बुटकी राहिली म्हणून कॅल्शियम? वाढत्या हाडांना लागणाऱ्या प्रथिनांबद्दल

वैरणवाली_डॉक्टर:

कालवड, पारडी किंवा करडू वयाच्या मानानं बुटकं राहिलं की आपल्याकडे पहिली धाव कॅल्शियमच्या बाटलीकडे असते. त्याच गोठ्यात गव्हाणीत नुसता कडबा पडलेला असतो आणि वासराला दिवसाला जेमतेम दोन लिटर दूध मिळत असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी पशुवैद्य आहे, शिरवळला शिकले, माणदेशात काम करते. वाढत्या वयात प्रथिनं कमी पडली तर हाडांचं काय होतं, यावर इथे सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं. या नुकसानीचा काही भाग नंतर कितीही खर्च केला तरी भरून येत नाही, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे.

वाळलेल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिजं असतात. उरलेला हिस्सा जवळपास सगळा प्रथिनांचा, आणि त्यातलंही ९० टक्के एकच प्रथिन, कोलॅजेन. आधी कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं विणलं जातं, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे कण बसतात. कुडाची भिंत घालताना आधी कारवीच्या काठ्या उभ्या करतात आणि मग माती लिंपतात. काठ्याच नसतील तर गाडीभर माती आणून उपयोग काय?

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. एक स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. आम्लात खनिजं विरघळून जातात आणि हाड रबरासारखं वाकायला लागतं. दुसरं हाड निखाऱ्यात पांढरंफटक होईपर्यंत जाळा. आकार जसाच्या तसा राहतो, पण बोटानं दाबलं की भुगा होतो, कारण कोलॅजेन जळून गेलेलं असतं. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग दाखवावा असा आहे.

आता उंची वाढते कुठे ते पाहू. लांब हाडाच्या टोकाशी, सांध्याच्या जरा अलीकडे, कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी रांगेनं विभागत जातात, मग फुगतात, त्यांच्याभोवती खनिज साचतं आणि ती जागा नवं हाड घेतं. खाण्यात प्रथिनं कमी पडली की पेशींचं विभाजन मंदावतं, रांगा आखूड होतात आणि चकती पातळ पडते. हाडाची जाडी वाढवणाऱ्या पेशीही बाहेरून कमी थर देतात. आतल्या बाजूनं झीज मात्र चालूच राहते. त्यामुळे हाड आखूड राहतं, वरचं कवच पातळ आणि आतली पोकळी मोठी होते.

यात यकृताचाही मोठा हात आहे. वाढीचं संप्रेरक मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं आणि त्याच्या हुकमावरून यकृत आयजीएफ-१ नावाचा घटक तयार करतं. ग्रोथ प्लेटला तो लागतो. प्रथिनं कमी असली की वरून हुकूम आला तरी यकृत दाद देत नाही, रक्तातलं आयजीएफ-१ खाली येतं आणि चकती थंडावते. आहे तेवढ्या प्रथिनांत आधी जीव जगवायचा, उंचीचं पुढं बघू, असं शरीरच ठरवतं. अशा वेळी पाजलेलं कॅल्शियम बसायला नवी जागाच तयार होत नसते.

तुमचे अनुभव आणि शंका दोन्ही येऊ द्या.

खिलारी_जोडी:

डॉक्टर, पटलं. पण हाडाचं दुखणं म्हणजे मुडदूस, आणि मुडदूस म्हणजे कॅल्शियम नाहीतर ड जीवनसत्त्व, असंच आजवर ऐकलंय. बुटक्या वासराला नेमकं काय झालंय हे गोठ्यात उभं राहून ओळखायचं कसं? आमच्यापासून एक्स-रेची सोय फार लांब आहे.

वैरणवाली_डॉक्टर:

दादा, दोन्हीत ग्रोथ प्लेट बिघडते, पण उलट्या दिशेनं. मुडदूस झालेल्या वासरात पेशी विभागत राहतात आणि त्यांच्याभोवती खनिज बसत नाही, म्हणून चकती जाड होते. सांधे सुजल्यासारखे दिसतात, बरगड्यांच्या टोकाला हाताला गाठी लागतात, पाय वाकतात, वासरू आखडत चालतं. प्रथिनं कमी पडलेल्या वासराचे पाय सरळच असतात. ते सगळंच लहान राहतं, आणि तेही बेढब. अंगाच्या मानानं डोकं मोठं, छाती अरुंद, मागचा भाग निमुळता, पोट सुटलेलं, केस रखरखीत आणि उभे. फार झालं असेल तर जबड्याखाली पाणी उतरतं. असं डोकं मोठं आणि कंबर अरुंद का राहते, याचा अभ्यास केंब्रिजला जॉन हॅमंड आणि त्यांच्या शिष्यांनी केला होता. शरीराचे सगळे भाग एकाच वेळी वाढत नाहीत. डोकं आणि पायांच्या नळ्या आधी वाढतात, कंबर आणि कटी, म्हणजे मागच्या भागातला हाडांचा घेर, शेवटी. उपासमार लांबली की उशिरा वाढणाऱ्या भागांना जास्त झळ बसते. कालवडीच्या बाबतीत याचा अर्थ फार गंभीर आहे, कारण कटीच अरुंद राहिली की पहिल्या वेतात वासरू अडतं.

एक्स-रे काढलाच तर अशा हाडात कवच पातळ दिसतं आणि टोकाजवळ आडव्या पांढऱ्या रेषा दिसू शकतात. वाढ थांबली आणि पुन्हा सुरू झाली की अशी रेघ उमटते. इंग्लंडमधल्या हॅरिस या शरीररचनातज्ज्ञाच्या नावानं त्या ओळखल्या जातात.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मुडदूस वाढत्या हाडालाच होतो. खुरटलेल्या वासराची वाढ बंदच असते, त्यामुळे खनिजांची कमतरता झाकलेली राहते. पेंड सुरू केली की वाढ सुरू होते आणि मग ती कमतरता उघडी पडते, पाय वाकायला लागतात. लोक म्हणतात पेंड बाधली. म्हणून खुराक सुरू करताना पहिल्या दिवसापासून खनिज मिश्रण सोबत हवंच. कॅल्शियम देऊ नका असं मी कुठंच म्हणत नाही.

माणदेशी_पाव्हणं:

डॉक्टर ताई, आमच्याकडं दुष्काळात जनावरं छावणीला होती. उसावर आन वाढ्यावर, म्हंजी उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर, गाई जगल्या, खोटं कशाला बोलू. पण त्या साली जन्मलेली कालवडं कळपात लगेच वळखू येत्यात. उंचीला कमी, माजावर यायला उशीर, आन दोघींना येताना लई तरास झाला. एकीचं वासरू गेलं.

आता खरं बोलायचं तर दूध डेअरीला घातलं तरच घर चालतं. वासराला पोटभर पाजलं तर आमच्या पोटाला काय? ह्याचं काहीतरी सांगा.

वैरणवाली_डॉक्टर:

काका, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. हिशेबच मांडते.

संकरित गाईचं वासरू ३० ते ३५ किलोचं जन्मतं. त्यानं रोज अर्धा किलो वाढायचं तर त्या वाढीत ९० ते ९५ ग्रॅम प्रथिनं अंगात साठावी लागतात. नुसतं जगायला २५-३० ग्रॅम वेगळी. गाईच्या दुधात लिटरला साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दोन लिटरमधून मिळाली ६६. शिवाय दोन लिटर दुधातली ऊर्जा अंगाची ऊब टिकवण्यात आणि उठण्याबसण्यातच संपते, त्यामुळे उरलेल्या प्रथिनांतली काही जळणासारखी जळून जातात. असं वासरू मरत नाही आणि वाढतही नाही.

म्हणून पहिले दोन महिने दिवसाला साडेतीन-चार लिटरच्या खाली जाऊ नये. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत दोन-तीन लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे. खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो, पहिला चीक वासराचा. दुसऱ्या आठवड्यापासून तोंडाशी काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांसाठीचा भरड खुराक, ठेवा. वासरू चाटायला लागतं, त्यातून पोटाचा मोठा कप्पा तयार होतो, आणि रोज किलोभर खायला लागलं की दूध तोडता येतं. दूध लवकर तोडायचा सरळ रस्ता हाच. तुमची बचत तिथे आहे, पहिल्या महिन्यात दूध तोडण्यात नाही.

विकतचं महाग पडत असेल तर दहा किलोसाठी पाच किलो मक्याचा भरडा, तीन किलो शेंगदाणा पेंड, १ किलो ७०० ग्रॅम गव्हाचा कोंडा, २०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि १०० ग्रॅम मीठ. यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास येतात. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर वासराला ती अजिबात नको. सरकी पेंडही चार महिन्यांच्या आत देऊ नका. सरकीत गॉसिपॉल असतं, मोठी गाय पचवते, वासराला ते विष आहे. युरिया लावलेला चारा सहा महिन्यांच्या आतल्या वासरापासून लांब.

वाढ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. वाढ्यात प्रथिनं कमी, आणि ऑक्झलेट असल्यानं आहे ते कॅल्शियमही अडकून राहतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्के. चाऱ्यात एकूण सातएक टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग चारा पचत नाही आणि जनावर खातंही कमी. पोट फुगलेलं दिसतं म्हणून माणसाला वाटतं की भरपूर खाल्लंय.

कमी पाण्याच्या भागात मी भुईमुगाच्या वेलांवर फार भर देते. काढणीनंतर नीट वाळवून ठेवले तर त्यांत दहा-बारा टक्के प्रथिनं टिकतात. ते शेतात कुजताना दिसले की जीव तुटतो. बांधावर शेवरी लावा, जमेल तिथे दोन सऱ्या लसूणघास. लसूणघासात कोरड्या वजनावर १८ ते २० टक्के प्रथिनं असतात. पहिला हक्क वाढत्या वासरांचा, दुधाच्या गाईचा नंतर.

गोऱ्ह्यांचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो. आई पान्हा सोडेपर्यंत त्याला आचळाला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगवही:

फार चांगला धागा. मी पशुपोषण शिकवतो, थोडा मागचा इतिहास जोडतो.

प्रथिनांचं प्रमाण पुरेसं असलं तरी भागत नाही, ती कोणती आहेत हेही पाहावं लागतं. हे सिद्ध केलं अमेरिकेत थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी. १९१४ च्या सुमारास त्यांनी वाढत्या उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झेइन, म्हणजे मक्यातलं मुख्य प्रथिन, दिलं. उंदीर खंगत गेले. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल घातल्यावर वजन टिकलं, पण वाढ नाही. लायसिनही घातलं तेव्हा वाढ सुरू झाली. मका आणि ज्वारी दोन्हींत लायसिन कमी. मोठी गाय-म्हैस पोटातल्या जिवाणूंकडून ही उणीव भरून काढते. दूधपित्या वासराला, पिल्लाला, कोंबडीला ती सोय नसते. म्हणूनच काफ स्टार्टरमध्ये नुसता मका चालत नाही, पेंड लागतेच.

आपल्या देशातला जुना प्रयोग रॉबर्ट मॅककॅरिसन यांचा, कुन्नूरच्या प्रयोगशाळेतला. तीच संस्था पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्यांनी उंदरांचे गट करून एकेका गटाला हिंदुस्थानच्या एकेका भागातला आहार दिला. दूध, गहू, डाळी आणि भाज्यांचा शिखांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत भरले, मुख्यतः तांदळावरचे मद्रासी आहाराचे सर्वांत खुजे राहिले. मराठ्यांचा आहार शीख आणि पठाणांच्या खालोखाल आला होता. यात प्रथिनांबरोबर जीवनसत्त्वं आणि खनिजंही बदलत होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या प्रथिनांना देता येणार नाही.

या धाग्याच्या दृष्टीनं मला सर्वांत मोलाचं काम वाटतं ते एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स यांचं. केंब्रिज. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची पिल्लं वाटून घेतली. काही आयांकडे तीन-तीनच पिल्लं ठेवली, काहींकडे पंधरा ते वीस. आईचं दूध तेवढंच, पिणारी तोंडं कुठे तीन, कुठे वीस. तीन आठवड्यांनी दूध तुटल्यावर सगळ्यांना हवं तेवढं खायला दिलं. तरी गर्दीत वाढलेली पिल्लं जन्मभर लहानच राहिली. त्याउलट, सुरुवातीला पोटभर पिऊन नंतर काही आठवडे उपाशी ठेवलेले उंदीर खाणं मिळताच बरेचसे भरून निघाले. उपासमार किती झाली याइतकंच ती कधी झाली हे महत्त्वाचं.

त्यांचा डुकरांवरचा प्रयोग याहून कठोर होता. पिल्लांना वर्षभर इतकं कमी खायला दिलं की ती एका वर्षाची झाली तेव्हा पाच-सहा किलोची होती. त्या वयाचं चांगलं खाल्लेलं डुक्कर शंभर किलोच्या वर जातं. पुढे त्यांना पोटभर दिलं. ती झपाट्यानं वाढली, ग्रोथ प्लेट तोवर उघड्या राहिल्या होत्या, पण पूर्ण आकार काही गाठता आला नाही. सर्वांत विलक्षण जबडे होते. उपासमारीत जबड्याचं हाड थांबलं होतं आणि दात त्यामानानं वाढत राहिले. दातांना जागाच उरली नाही. दाढा हाडात अडकल्या, वाकड्या आल्या. या डुकरांना प्रथिनांबरोबर सगळंच अन्न कमी होतं, हे सांगायला हवं.

शेळीवाली_आक्का:

सर, ती तीन आणि वीस पिल्लांची गोष्ट वाचून पोटात कालवलं. माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या हायेत. जुळी तर नेहमीचीच, कधी तिळी होत्यात. तिसरं करडू कायम मागं राहतं. बाकीची दोघं ढुशा मारून दोन्ही सड धरतात आन हे नुसतं ओरडतं. मोठं झाल्यावर खाणं घातलं तरी त्याची उंची काही येत न्हाई. बोकड असलं तर बकरी ईदला भाव पाडून मागत्यात.

वैरणवाली_डॉक्टर:

आक्का, तुमचं निरीक्षण आणि केंब्रिजचा प्रयोग एकच गोष्ट सांगतात. तिसऱ्या करडाला पहिल्या दिवसापासून बाटली लावा, शेळीचं दूध कमी पडलं तर गाईचं चालतं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, कोमट. चीक मात्र शेळीचाच, पिळून पाजा. दोन-तीन आठवड्यांची झाली की गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूचं असं कुंपण करा की करडं आत शिरतील आणि शेळ्यांना डोकं घालता येणार नाही. आत भरडा, पेंड आणि शेवरीचा कोवळा पाला टांगून ठेवा. आयांची रेटारेटी नसली की करडं निवांत खातात. सुबाभूळही चालते, पण एकूण चाऱ्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, तिच्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो.

आणि शेळी गाभण असतानाच्या शेवटच्या दीड महिन्यात तिला खुराक वाढवा. करडाचं बरंचसं वजन त्याच काळात वाढतं.

टेकडीवरचा_लॅब:

मी पुण्यात राहतो, गाई नाहीत, पण प्रश्न याच विषयातला आहे. आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. सोसायटीतले एक काका म्हणतात प्रथिनं जास्त दिली तर मोठ्या जातीच्या कुत्र्यांचे पाय वाकतात, खुबा बिघडतो, म्हणून दूध-पोळीच द्या. धाग्यात उलट वाचतोय. काय करू?

प्रयोगवही:

हा समज जगभर होता आणि तो तपासला गेला आहे. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांचे तीन गट करून आहारात सुमारे ३२, २३ आणि १५ टक्के प्रथिनं दिली. ते निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. जास्त प्रथिनांमुळे सांगाड्यात कुठलीही विकृती आढळली नाही. १५ टक्क्यांचा गटच काठावरचा ठरला.

पाय वाकण्यामागे बहुतेक वेळा दुसरी कारणं असतात. नुसतं मटण किंवा चिकन दिलं तर त्यात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस जातो. तो तोल सांभाळायला शरीर हाडातून कॅल्शियम काढतं आणि हाडं पोकळ होतात. उलट टोकाला, चांगलं तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर मोठ्या जातींच्या पिल्लांचा सांगाडा त्यानंही बिघडतो. आणि तिसरं कारण लठ्ठपणा. अमेरिकेत लॅब्रॅडॉरवर दीर्घकाळ चाललेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. ती कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि खुब्याचा संधिवात त्यांच्यात उशिरा आला. पण तिथे कमी केलं होतं ते संतुलित खाद्याचं माप. दूध-पोळीत पोळीचा भाग मोठा, म्हणजे पिठूळ जास्त आणि प्रथिनं कमी. पिल्लू गुबगुबीत होईल, हाडांना आणि स्नायूंना लागणारं मिळणार नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य द्या, मोजून द्या, बरगड्या हाताला लागतील इतपत सडपातळ ठेवा.

टेकडीवरचा_लॅब:

मनापासून आभार सर. वरून चालू असलेलं कॅल्शियमचं सिरप आजच आमच्या डॉक्टरांना विचारून बंद करतो.

मेंढरं_आन_माळ:

आमच्या मेंढ्यांना पाऊस पडला की हिरवं मुबलक असतं. तरी भादव्या-आश्विनात कोकरं खंगतात, जबड्याखाली थैली येते. चारा आहे, मग प्रथिनं कुठं कमी पडली?

वैरणवाली_डॉक्टर:

जंत. पोटातले आणि आतड्यातले जंत रक्त आणि प्रथिनं बाहेर वाहून नेतात, आतड्याची दुरुस्ती करण्यात उरलेली खर्ची पडतात, आणि भूकही मरते. स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकात कोकरांवर हे प्रयोग झाले. खाणं पुरेसं असतानाही जंतांची बाधा झालेल्या कोकरांची हाडं पातळ आणि ठिसूळ झाली होती, प्रथिनांची उपासमार झाल्यासारखी. दव असताना सकाळी लवकर चारायला नेऊ नका, जंतांच्या अळ्या तेव्हा गवताच्या शेंड्यावर असतात. लेंड्या तपासून औषध द्या. दर वेळी तेच औषध अंदाजानं पाजलं तर जंत त्याला सरावतात.

म्हशीच्या पारड्यांसाठीही सांगते. त्यांच्यात एक मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच पोटात जातो, म्हणून पहिलं जंताचं औषध दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान हवं. तीन महिन्यांची होईपर्यंत थांबू नका.

खिलारी_जोडी:

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. शेजाऱ्यानं आठ-नऊ महिन्यांची संकरित कालवड घेतलीय. बुटकी आहे, बरगड्या दिसतात. वेळ गेली का? त्यानं मक्याचा भरडा जोरात सुरू केलाय. अंग भरतंय, उंची आहे तिथेच.

वैरणवाली_डॉक्टर:

सगळी वेळ गेलेली नाही. गाईच्या नळीच्या हाडाची खालची ग्रोथ प्लेट दोन-अडीच वर्षांनी मिटते, मांडीच्या हाडाची साडेतीन-चार वर्षांनी. उपाशी जनावरात ती मिटायला आणखी उशीर होतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे गेलं ते पूर्ण परत येणार नाही, पण बरंच मिळवता येईल.

मक्याचं मात्र आवरायला सांगा. मक्यात प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आसपास आणि पिठूळ भरपूर. ऊर्जा जास्त आणि प्रथिनं कमी अशा खुराकावर कालवड जाडी होते आणि ठेंगणीच राहते. चरबी कासेतही बसते, ती पुढे दुधाला मारक ठरते. एक-दीड किलो खुराक पुरे, पण त्यात पेंडीचा वाटा एवढा हवा की प्रथिनं १६-१८ टक्के भरतील. सोबत चार-पाच किलो हिरवा लसूणघास, बाकी कुट्टी हवी तेवढी, ३०-४० ग्रॅम खनिज मिश्रण, आणि आधी शेण तपासून जंताचं औषध.

दर महिन्याला मोजायला सांगा. सपाट जमिनीवर उभी करून खांद्याची उंची काठीवर खूण करून ठेवायची. वजनासाठी पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, किलो मिळतात. घेर ४० आणि लांबी ३६ असेल तर ८७ किलो. वजन चढतंय आणि काठीवरची खूण हलत नाही असं दिसलं की मका कमी, पेंड जास्त.

आणि माजावर आली म्हणून लगेच भरवू नका, वय काहीही असो. २५० किलो होऊ द्या. त्याआधीचे माज सोडले तर तीन आठवड्यांनी पुन्हा येतातच, पण अरुंद कटीत वासरू अडलं तर गाय आणि वासरू दोन्ही हातचे जाऊ शकतात. माणदेशीच्या काकांनी वर लिहिलंय ते शेजाऱ्याला वाचून दाखवा.

माणदेशी_पाव्हणं:

दाखवा, दाखवा. आन ताई, भुईमुगाचे वेल यंदा ठेवतो. ते पावसात भिजलेले चालत्यात का?

वैरणवाली_डॉक्टर:

भिजून काळे पडले असतील तर नको काका, बुरशी धरते आणि पानं गळून नुसत्या काड्या उरतात. प्रथिनं पानात असतात. काढणी झाली की दोन दिवस उन्हात सुकवा, मग छपराखाली मोकळे पसरा, दाबून गंजी लावू नका. पूर्ण वाळले की मग रचा.